बारा ते चार

कादरनं मीटरखालच्या तारेला वीज मोजायचा चिमटा लावला, उन्हात पडदा दिसेना म्हणून आकड्यावर हाताची सावली धरली आणि म्हणाला, "भाभी, हा एक फ्रिज बोलतोय. बाकी घर थंड आहे."

थंड म्हणजे, वायरमनच्या भाषेत, वीज न खाणारं. नाहीतर मे महिन्यात धुळ्याच्या देवपुरात दुपारी साडेबाराला कुणाच्या घराला थंड म्हणणं ही थट्टाच झाली असती. ओट्यावरच्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. कादरच्या मानेवरचा रुमाल एकदा भिजून वाळला होता आणि आता पुन्हा भिजत होता.

चेलना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. कादरची फटफटी गल्लीत वळल्याचं ऐकू आलं तेव्हाच ती मागच्या खोलीत जाऊन कूलरचं बटण बंद करून आली होती. का केलंस, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. हातच पुढे गेला. आता त्या खोलीतून काही आवाज येत नव्हता, आणि तो न येणारा आवाज तिला कादरच्या बोलण्यापेक्षा मोठ्यानं ऐकू येत होता. होळीपासून आजवर बारा ते चार ती खोली अशी गप्प कधी राहिली नव्हती. आपल्या पाठीमागे कुणीतरी श्वास धरून बसलंय आणि आपण वळून बघण्याची वाट पाहतंय, असं तिला वाटत होतं. ती वळली नाही.

"मग रोज दुपारचे युनिट जातात कुठं?" कादरनं हे स्वतःलाच विचारलं, आणि उत्तर शोधायला चिमटा खिशात घालून घराला वळसा घेत मागच्या बाजूला गेला.

त्यांच्या कॉलनीत घरं अठरा. गेल्या दिवाळीत अठरा जणांनी मिळून कॉलनीच्या सभागृहाच्या छतावर सोलर बसवलं होतं. प्रत्येकानं आपापल्या डोक्यावर बसवायचं म्हटलं तर कुणाचं छत पत्र्याचं, कुणाच्या छतावर शेजारच्या मजल्याची सावली, कुणाजवळ एवढी रक्कम एकदम नाही. म्हणून सगळ्यांचं मिळून एकच. त्यातून निघालेली वीज कंपनी आपल्या तारेत घेते आणि अठरा घरांच्या बिलातून सारख्या हिश्शानं वजा करते. हे सगळं जुळवून आणलं ते सुकदेव सरांनी. सर गणिताचे, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी हातातला खडू सुटलेला नाही असा माणूस. पहिलं बिल आलं तेव्हा लोकांनी ते एकमेकांना लग्नपत्रिकेसारखं दाखवलं होतं.

या सुखात एक खडा होता. कोण किती वीज खातं, ते आता मोबाइलवर तासातासानं दिसायला लागलं. सर दर रविवारी त्याचा आलेख, रंगीत खांब करून, ग्रुपवर टाकत. कुणाकडे पाहुणे उतरलेत, कोण गीझर बंद करायला विसरतं, कुणाच्या घरी पहाटे मिक्सर फिरतो, हे बायकांना पूर्वी अंदाजानं कळायचं, ते आता पुराव्यानिशी कळू लागलं. चेलनाच्या घरचा, म्हणजे छाजेडांचा, खांब होळीपासून दुपारी बाराला उठायचा आणि चारला बसायचा, शाळेची घंटा झाल्यासारखा. घरात माणसं दोन. नवीनभाऊ सकाळी नऊला तेलाच्या दुकानावर जातात ते रात्री आठला येतात. मुलगी विधी पुण्याला नोकरीत. मग एकट्या बाईला भरदुपारी एवढी वीज लागते कशाला?

आणि छाजेडांच्याच मीटरवर मागच्या पडवीत राहणाऱ्या भागाबाईची लाइन होती. भागाबाई कॉलनीचे कपडे इस्त्री करायची. सरांच्या डोक्यात दोन नि दोन लगेच चार झाले. घरगुती जोडणीवर धंदा चालतो असं कंपनीच्या कानावर गेलं तर अठराच्या अठरा घरांची सवलत जाईल, या धास्तीनं त्यांना झोप लागेना. म्हणून आज कादरला पाठवलं होतं.

चेलना मागच्या बाजूला आली तेव्हा कादर त्या खोलीच्या खिडकीखाली उभा होता. कूलरच्या बुडातून पाणी ठिबकत होतं आणि खालच्या सिमेंटवर पडताच वाळत होतं. कादरनं ठिबकणाऱ्या पाण्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"पाणी आजचं आहे, भाभी?"

"झाडाला घातलं होतं," ती म्हणाली.

तिथं झाड नव्हतं. कादरनं ते पाहिलं, तिनंही पाहिलं. वीस वर्षं तो या घरच्या तारा जोडत आला होता. चेलनाच्या सासूबाईंच्या, जतनबाईंच्या, या खोलीतला पंखा त्यानंच टांगला होता. तो सावकाश चालत पडवीत गेला, भागाबाईच्या लाइनीला चिमटा लावला. एक बल्ब, एक टेबलपंखा. पण फळीवर, फडक्यात गुंडाळलेली, विजेची इस्त्री होती.

"सरांना काय सांगू?" त्यानं जाताना विचारलं. फटफटीवर बसून, किक न मारता विचारलं. तेवढा वेळ तो थांबला होता, हे चेलनाला नंतर पुष्कळदा आठवलं.

"जे दिसलं ते," ती म्हणाली.

फटफटी गल्लीबाहेर गेली. चेलना मागच्या खोलीत आली आणि तिनं बटण दाबलं. कूलर घरघरला, वाळ्याच्या टट्ट्यातून ओला वास आला, भिंतीवरचं तिथींचं कॅलेंडर फडफडू लागलं. खोलीत कुणी नव्हतं. भिंतीला लागून पांढरं लोकरीचं आसन, कटासणं, अंथरलेलं होतं. वारा थेट तिथंच लागावा म्हणून कूलरच्या पट्ट्या तिनं खाली वळवून ठेवल्या होत्या.

खोली जतनबाईंची. त्यांना जाऊन या वैशाखात दोन वर्षं झाली. बाईचा आवाज असा घरात कधी नव्हताच. मारवाडातून धुळ्याला लग्न करून आल्या तेव्हा म्हणे सहा महिने कुणी त्यांना बोलताना ऐकलं नव्हतं, आणि पुढे बोलायला लागल्या तेव्हा ऐकायला कुणाला वेळ नव्हता. रोज सकाळी एक सामायिक करायच्या. तोंडावर मुहपत्ती बांधायची, कटासण्यावर बसायचं, रेतीची घडी म्हणजे वाळूचं घड्याळ उलटं करायचं; अठ्ठेचाळीस मिनिटं जप. तेवढ्या वेळात दिव्याला, पंख्याला हात लावायचा नाही, दुसऱ्याला लाव म्हणायचं नाही. अग्नीचे जीव, वाऱ्याचे जीव मरतात म्हणून. चेलना स्वतः जैनच, पण या बाबतीत तिचा धर्म जरा उन्हाळा बघून चालायचा.

त्या वर्षी एप्रिलचं बिल भलतंच आलं. रात्री नवीनला वाढताना चेलना बोलली. सासूला नाही बोलली. ती तशी नव्हती. नवऱ्यालाच म्हणाली, की दुपारभर पंखा गरगरतो आणि पंख्याखाली माणूस एकच. नवीन "हं" म्हणाला. मधल्या दाराचा पडदा ओढलेला होता. पडद्याला कान नसतात, पण पडद्यामागे असतात.

दुसऱ्या दिवसापासून जतनबाई दुपारीही सामायिकेला बसू लागल्या. एक नाही, पाठोपाठ पाच. बाराला घडी उलटायच्या, ती सरली की नवकार म्हणून पुन्हा उलटायच्या. खोलीतला पंखा बंद. दिवा बंद. चारला उठायच्या तेव्हा लुगड्याची पाठ अंगाला चिकटलेली असायची.

पहिल्या दिवशी चेलनाला वाटलं, काही तिथी असेल. दुसऱ्या दिवशी तिला कौतुक वाटलं. तिसऱ्या दिवशी, पाट्यावर चटणी वाटता वाटता, तिला कळलं. लख्ख कळलं. हातातला वरवंटा क्षणभर थांबला आणि मग पुन्हा फिरू लागला. ती उठली नाही. आत जाऊन "बाईजी, पंखा लावा हो, मी आपलं उगीच बोलले," एवढं म्हणायचं होतं. ते म्हणायचं म्हणजे आपण बोललो हे कबूल करायचं, त्यांनी ऐकलं हे कबूल करायचं. त्यापेक्षा बाई धर्म करतात हे बरं होतं. सगळ्यांचीच लाज राहत होती. पुढे पुढे तर ती शेजारणींना सांगायची, आमच्या बाईजी रोज दुपारी पाच सामायिक करतात, या वयात. बायका कानाला हात लावायच्या.

बाविसाव्या दिवशी चेलना पुढच्या खोलीत आडवी झाली होती. पंखा पाचवर होता आणि पंख्याखाली माणूस एकच होतं. डोळा लागला. चारला चहा घेऊन ती मागे गेली तेव्हा जतनबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मुहपत्ती बांधलेली, माळ बोटांत, मान जराशी कलती. घडीतली सगळी रेती खाली आली होती. ती एकला आली, की दोनला, की आत्ताच, हे रेती काही सांगत नाही. भिंतीला हात लावला तर भिंत तव्यासारखी. डॉक्टरांनी वय, हृदय आणि ऊन अशी तीन नावं घेतली.

सामायिकेत देह ठेवला, केवढं भाग्य, असं अख्खा समाज म्हणाला. जैन स्थानकात त्यांच्या तपाचं गुणगान, अनुमोदना, झाली. श्रद्धांजलीच्या फलकावर नावाआधी ‘तपस्वी’ लिहिलं. चेलना प्रत्येक पाहुण्याला पाणी देत होती, आणि प्रत्येक पाहुणा तिला सांगत होता की अशी सासू मिळायला पुण्य लागतं.

त्यानंतर ती खोली बारा वाजले की तापायला लागली. म्हणजे पूर्वीही तापत असेलच. पश्चिमेची भिंत, वर स्लॅब. पण आता ती तापू लागली की चेलनाला घरात कुठंही बसवेना. पुढच्या खोलीत पंख्याखाली आडवं व्हावं तर पाठीला भिंतीची धग लागे. मध्येच कुणीतरी जड श्वास घेतल्यासारखं वाटे, ती उठून जाई, तर काही नाही. उन्हानं दार फुगलेलं. एक उन्हाळा तिनं शेजारपाजारी बसून काढला. मग दिवाळीत सोलर आलं. बिल जवळजवळ शून्यावर आलं. त्या दिवशी बारा वाजता ती उठली आणि तिनं त्या रिकाम्या खोलीतला पंखा लावला. थंडीचे दिवस होते. होळीला कूलर आणला. नवीनला सांगितलं, पाहुण्यांसाठी.

दुपारची वीज, उन्हाचीच. ज्या उन्हानं नेलं त्याच उन्हाची. चेलना फार शिकलेली नव्हती, पण एवढं तिला रोज बारा वाजता कळायचं.

रात्री नवीन दुकानावरून आला तेव्हा सर आले. कादरनं खरोखर जे दिसलं तेवढंच सांगितलं होतं: घरात फक्त फ्रिज, पडवीत बल्ब, टेबलपंखा, आणि फळीवर विजेची इस्त्री, बंद. ठिबकणाऱ्या पाण्याचं त्यानं सांगितलं नव्हतं. पाणी काही चिमट्यात येत नाही. सरांना इस्त्रीपुढचं ऐकायची गरजच वाटली नाही. वायरमन येताना बघून भागाबाईनं गुंडाळून ठेवली, आणखी काय? ते रागावले नव्हते, दुःखी झाले होते. गणितात नापास झालेल्या पोरांकडे ते असेच बघायचे, असं नवीन नंतर म्हणाला. कॉलनीच्या भल्यासाठी पडवी रिकामी करून घ्या, एवढंच त्यांचं म्हणणं.

नवीन मऊ माणूस. कुणाला नाही म्हणता येत नाही, म्हणून समोर आलेल्याला हो म्हणायचा. आणि समोर सर होते. तो तसाच मागे गेला. चेलना मोरीत भांडी घासत होती, तिला सगळं ऐकू येत होतं. भागाबाईनं आवाज चढवला नाही.

"मन्ही इस्तरी कोयसानी शे, भाऊ. ती लाइटनी पोरनी दियेल शे. हलकी शे ती, तिन्हावर कपडा बठस नही."

नवीन म्हणाला, तुमची कोळशाची, मला ठाऊक आहे हो, पण लोकांचं तोंड कोण धरणार. भागाबाईनं सोमवारपर्यंतची मुदत मागितली. लोकांचे कपडे होते, ते अर्धवट टाकून कसं जायचं. चेलनाच्या हातातलं पातेलं घासून घासून आरशासारखं झालं होतं.

दुसरा दिवस रविवारचा. आज खांबावर सगळ्यांचे डोळे असणार म्हणून चेलनानं कूलर लावला नाही. बारा वाजले. नवीन रविवारचा जेवून पुढं घोरत होता. ती मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिली. साडेबारा झाले. खोली तापत गेली. कटासण्यावर कुणी नव्हतं, आणि तरी त्या कुणी नसण्याला घाम येत होता.

खिडकीबाहेर सावली हलली. गजांना धरून भागाबाई उभी होती.

"वहिनी, आज मोठी बाईना कूलर बंद शे का?"

चेलनानं मान वर केली; पडवी आणि ही खोली यांच्यात भिंत एकच होती.

"माले रोज ऐकू येस. मन्ही भित लागीच शे ना."

"मग काल सांगितलं का नाही?" चेलनानं विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "सरांना. यांना."

भागाबाईला प्रश्नच कळला नसावा. कपाळावरचा घाम पदरानं टिपत ती म्हणाली, "तुम्हना घरनी गोट. मी काबर सांगू?"

आणि ती कोळसे फुलवायला निघून गेली.

सभा सहाला होती, सभागृहातच, त्या पॅनलांच्या बरोबर खाली. दिवसभराचं ऊन खाऊन छत अजून ऊब टाकत होतं. सरांनी विषय वाचले आणि सांगितलं की दुपारच्या वापराचा प्रश्न नवीनभाऊंनी सामंजस्यानं मिटवला आहे. लोकांनी माना डोलावल्या. पुढचा विषय पॅनल धुण्याचा होता.

चेलना उभी राहिली. बायकांच्या रांगेतून सभेत कुणी उभं राहत नसे. सरांना वाटलं, ताईंना घरी जायचंय. ते जागा करून द्यायला सरकले.

ती म्हणाली, भागाबाईनं आपल्या घरची वीज वापरलेली नाही. दुपारी कूलर चालतो. तो आपण लावतो. काल कादरभाई आले तेव्हा आपणच बंद केला होता.

कुणाला लावता, असं कुणीतरी विचारलं.

"बाईजींच्या खोलीत."

खोलीत कोण असतं?

"कोणी नाही."

सभेत चुळबुळ झाली आणि मग ती मऊ होत गेली. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं डोळ्याला पदर लावला. दुसरी शेजारणीच्या कानात म्हणाली की लेक करणार नाही एवढं सून करते. सरांनी चष्मा काढला. ते म्हणाले, ताई, आधी का नाही सांगितलंत? तपस्वी बाईंच्या खोलीसाठी चार युनिट गेले तर ही कॉलनी काही गरीब होणार नाही. श्रद्धेचा मान राखायलाच हवा. भागाबाईंबद्दलचाही गैरसमज आपण दूर करू.

तिथं बसता आलं असतं. चेलनाचे गुडघे वाकलेही होते. सगळ्यांचीच लाज राहत होती, अगदी पूर्वीसारखी.

"बाईजी तप करत नव्हत्या," चेलना म्हणाली. "बिल वाचवत होत्या. मी बोलले होते."

मग तिनं सगळं सांगितलं. फार नव्हतंच; एप्रिलचं बिल, पडदा, पाच सामायिक, आणि आपल्याला तिसऱ्या दिवशी कळलं होतं हे. ते तिसऱ्या दिवसाचं तिनं दोनदा सांगितलं, कुणी चुकून ऐकायचं राहू नये म्हणून.

सर हातातल्या कागदाकडे बघत होते. छाजेडांचा खांब, बाराला उठलेला, चारला बसलेला. त्यांचे ओठ सवयीनं हलले. "अठ्ठेचाळीस पंचे दोनशे चाळीस," ते पुटपुटले. दोनशे चाळीस मिनिटं. चार तास. गणित सुटल्यावर त्यांचा चेहरा उजळायचा; आज त्यांनी कागद उलटा ठेवला.

मागून एक म्हातारी, स्थानकात जतनबाईंच्या शेजारी बसणारी, कडक आवाजात म्हणाली, "मेलेल्या माणसाचं पुण्य काढून घेऊ नये गं. तुझं पाप तुझ्याजवळ ठेवायचं होतंस."

म्हातारीचंही खरंच होतं.

घरी जाताना नवीन दोन पावलं पुढं चालत होता. नेहमी मागं असायचा. ओट्याशी आल्यावर कुलपात किल्ली घालून तो तसाच थांबला, तिच्याकडे पाठ करून.

"तेव्हा मी हं म्हणालो होतो," तो म्हणाला.

त्यानं दार उघडलं. रात्री तो भागाबाईला सांगून आला, की झालं गेलं विसरा, पडवी तुमचीच आहे, सरही येऊन बोलतील. परत आला तेव्हा इतकंच म्हणाला की तिनं ऐकून घेतलं.

सोमवारी साडेअकराला चेलना मागे गेली तर पडवीत खाट उभी करून भिंतीला लावलेली होती. एक पत्र्याची पेटी, एक गाठोडं. बल्ब काढून, पुसून फळीवर ठेवलेला. भागाबाई पायरीवर बसली होती, आणि समोर विटेवर तिची इस्त्री, झाकण उघडं, आत कोळसे राखाडी होऊ लागलेले.

"हे काय, भागाबाई? यांनी सांगितलं ना तुम्हाला."

"सांगात. सर बी उनथात सकायले. हात जोडात माले, एवढा मोठा माणूस." भागाबाईला त्याचं हसू आलं होतं, पण ते तिनं बाहेर फार येऊ दिलं नाही. "बठ्ठासना कपडा घरोघर दि उनू. शेवटला सरसनाच व्हता."

सगळ्यांचे कपडे पोचते करून ती पोरीकडे चालली होती, शिंदखेड्याला. दोनची गाडी होती. चेलनानं पुष्कळ सांगून पाहिलं. चूक माझी, मी सभेत सगळ्यांसमोर सांगितलं, आता कुणी बोट दाखवणार नाही. भागाबाई ऐकत राहिली. ती रागावलेली असती तर चेलनाला पाय धरता आले असते. रागावलेली नव्हती. म्हणाली, अकरा वर्षं या पडवीत काढली, कुणाच्या खिशात राहिलेली दहाची नोटही परत दिली. आणि एका दिवसात चोर ठरायला फळीवरचं एक गाठोडं पुरलं. आता राहायचं म्हणजे रोज सकाळी आपण चोर नाही हे आठवत उठायचं. तेवढा दम आता अंगात नाही.

मग निदान रिक्षा बोलावते, चेलना म्हणाली. आता निघालात तर गाडी निवांत मिळेल.

भागाबाईनं इस्त्रीकडे मान वळवली. "ती निवाले पायजे ना आधी. गरम कशी लि जाऊ?"

"पाणी मारू?"

"पानी टाकं ते तडकी जाई."

बिडाची इस्त्री, सासऱ्याच्या वेळची, पाच-सहा किलोची. कोळसे विझले तरी लोखंड काही ऐकत नाही. आणि मे महिन्यात तर बाहेरचं ऊनच तिला निवू देत नाही. तासभर तरी लागणार होता. चेलना उभी राहिली, मग पायरीवर, भागाबाईच्या शेजारी बसली. पायरी भाजत होती. पडवीची सावली दोघींच्या पायांपर्यंत पुरत नव्हती. चेलनाला आठवेना, आपण या वेळेला असं उघड्यावर शेवटचं कधी बसलो होतो. पाठीवरून घाम ओघळत कमरेपर्यंत गेला. तिनं तो पुसला नाही.

समोर सभागृहाच्या छतावर पॅनल चमकत होते, बघवत नव्हतं.

"मोठी बाई सामायिक सुटनी का खिडकीमा येत," भागाबाई आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली. "चारले. मी पानी देऊ. मन्हा माठनं. तुम्हना फ्रिजनं त्यासले चालत नव्हतं."

चेलना तिच्याकडे वळली. "काही म्हणायच्या?"

"काय म्हनतीन. कमी बोलेत." भागाबाईनं काडीनं राख जराशी उकरली, खालचा एक कोळसा अजून लाल होता. "एक डाव म्हनन्यात, सून चांगली शे. माले तोंडवर कधी बोलनी नही."

ती कौतुकानंच सांगत होती. म्हणणाऱ्या बाईनंही कौतुकानंच म्हटलं असावं. चेलना त्या लाल कोळशाकडे बघत राहिली. बारा केव्हाच वाजून गेले होते. घरात मागची खोली बंद होती, गप्प होती, आणि आज तिच्याकडे जायचं चेलनाला सुचलं नाही.

भागाबाईनं बोटाला थुंकी लावून इस्त्रीच्या बुडाला टेकवली. चर्र झालं; अजून निवली नव्हती.

"बठा," ती म्हणाली. "आखो टाइम शे."

दोघी बसून राहिल्या.